वजन चढतं, सूर उतरतो : सूक्ष्म रेझोनेटर सेन्सरांची पार्श्वभूमी

कंप पावणाऱ्या वस्तूवर वजन चढलं की तिची वारंवारता उतरते. रेझोनेटर सेन्सरांचा, म्हणजे कंपनाच्या बदलावरून मोजमाप करणाऱ्या उपकरणांचा, सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. तिचा हिशेब पक्का मांडला तो १९५९ साली जर्मनीच्या गुंटर झाउअरब्रे यांनी. ५ मेगाहर्ट्झवर थरथरणारी क्वार्ट्झची चकती, जाडी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, दोन्ही अंगांना धातूचा पातळ मुलामा. दर चौरस सेंटिमीटरवर १७.७ नॅनोग्रॅम पदार्थ साचला की वारंवारता १ हर्ट्झने घटते. निर्वात पेटीत पातळ थर चढवताना जाडी मोजायला आजही अशी चकती आत बसवलेली असते.

पुढची शर्यत लहान होण्याची. कंप पावणाऱ्या भागाचं स्वतःचं वजन जितकं कमी, तितका त्याच्यावर बसलेला कण त्याला जास्त जाणवणार. १९६५ साली अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीत हार्वी नॅथन्सन यांनी ट्रान्झिस्टरच्या वर कंप पावणारी सोन्याची पट्टी बसवली. हेतू ठरावीक वारंवारतेचा सिग्नल वेगळा काढणारा फिल्टर बनवण्याचा होता, पण चिपवर हलणारे भाग घडवता येतात हे त्यातून दिसलं. २००६ साली कॅल्टेकमध्ये मायकेल राउक्स यांचा गट झेप्टोग्रॅमपर्यंत (ग्रॅमच्या अब्जांशाच्या अब्जांशाचा हजारावा भाग) उतरला. २०१२ साली बार्सिलोनात एड्रियन बाख्टोल्ड यांच्या गटाने सुमारे १५० नॅनोमीटर लांबीच्या कार्बन नळीवर १.७ योक्टोग्रॅम (योक्टोग्रॅम हा झेप्टोग्रॅमचा हजारावा भाग) गाठले, म्हणजे एका प्रोटॉनचं वजन.

दुसरा मार्ग ऊर्जेची गळती कमी करण्याचा, म्हणजे ‘क्यू’ वाढवण्याचा; गळती जितकी कमी, तितका हा आकडा मोठा. इथे सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाने कमाल केली. तंबोऱ्याची तार चढवावी तशी त्याची बारीक फीत ताणली की कंपनाची बरीचशी ऊर्जा ताणात साठते आणि पदार्थाच्या आतल्या घर्षणात तिचा वाटा कमी जातो. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात खोलीच्या तापमानाला क्यू ८० कोटींवर गेला. अर्थात हे निर्वातात. पाण्यात बुडवली तर हीच फीत पार मंदावते. त्यावर एमआयटीत स्कॉट मॅनालिस यांच्या गटाने काढलेली युक्ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते : पट्टीच पोकळ करायची, द्रव आतून वाहू द्यायचा आणि बाहेर निर्वात ठेवायचं. २००७ साली तिच्यावर जिवाणूंचं वजन करून झालं.

मात्र क्यू वाढला तरी वारंवारता जागेवर राहत नव्हती. तापमान जरा हललं की ती सरकते. (कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये मंदार देशमुख यांच्या गटाने २०१० साली याच सरकण्यावरून ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा) तापल्यावर आकसतं हे मोजून दाखवलं; एकाची डोकेदुखी ती दुसऱ्याची मोजपट्टी.) पण तापमान हे एकच कारण नव्हतं. २०१६ साली ग्रेनोबलच्या संशोधकांनी आधीची प्रसिद्ध मोजमापं तपासली, तेव्हा अणुरेणूंच्या औष्णिक थरथरीने ठरणाऱ्या मर्यादेच्या जवळपासही बहुतेक उपकरणं पोहोचलेली नव्हती. दोन वर्षांनी कॅनडातल्या एडमंटनहून वेन हीबर्ट यांच्या गटाने तर उलटच दावा केला : भोवतालचा हवेचा दाब वाढवून क्यू मुद्दाम पाडला, तरी वारंवारता अधिक स्थिर झाली. अवमंदन, म्हणजे ऊर्जेची गळती, जास्त असलं की पट्टीला अधिक जोराने हलवता येतं, तिचं वागणं वेडंवाकडं व्हायला उशीर लागतो.

तेव्हापासून नुसत्या क्यूच्या आकड्यावर कुणी भाळत नाही. सोबत अ‍ॅलन डेव्हिएशनचा आलेख मागितला जातो. वारंवारता किती वेळात किती भटकते हे सांगणारी ही पद्धत डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६ साली मांडली होती, तीही अणुघड्याळांसाठी.