यंत्र अभियांत्रिकी प्रयोगशाळा

यंत्रे, इंधने आणि यंत्रांत वापरले जाणारे धातू यांची मोजमापे घेऊन परीक्षा करण्यासाठी विद्यापीठाच्या यंत्र विभागात उभारलेली प्रयोगशाळा. ती अध्यापनासाठी असते तशीच संशोधनासाठीही असते. पहिली प्रयोगशाळा कोणती, याविषयीचा मतभेद या दुहेरी कामातूनच उद्‌भवला आहे.

ब्रिटिश लेखक सामान्यतः हा मान अलेक्झांडर केनेडी यांना देतात. त्यांनी १८७८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रयोगशाळा सुरू केली. तथापि म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात योहान बाउशिंगर यांचे धातुपरीक्षण १८७० नंतर लवकरच सुरू झाले होते आणि तेथेच कार्ल फोन लिंडे यांनी १८७५ च्या सुमारास यंत्रांची प्रयोगशाळा उभारली. अमेरिकेत होबोकेनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट थर्स्टन यांची प्रयोगशाळाही साधारण याच काळातली. लंडनमधील डेव्हिड कर्कल्डी यांचे परीक्षणकेंद्र याहून जुने, पण तो खाजगी व्यवसाय असल्याने येथे गणता येत नाही. नुसती सनावळी पाहिली, तर केनेडींचा दावा टिकत नाही. विद्यार्थ्याने स्वतः यंत्रापाशी उभे राहून रीडिंग घ्यावे, हा नियमित अभ्यासक्रमाचा भाग करण्याचे मोठे श्रेय मात्र त्यांचेच मानणे अधिक सयुक्तिक होय.

द्रायुयामिकीच्या (द्रव व वायू यांच्या गतीच्या शास्त्राच्या) प्रयोगशाळेत ऑस्बर्न रेनल्ड्स यांचा १८८३ मधील मँचेस्टरचा प्रयोग आजही करवून घेतात. काचेच्या नळीतून वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडतात. वेग कमी असता ती सरळ रेषेत जाते. वेग वाढला की थरथरते व अखेर सर्वत्र विसकटते. घनता, वेग व व्यास यांच्या गुणाकारास श्यानतेने (द्रवाच्या दाटपणाच्या मापाने) भागून मिळणाऱ्या अंकास रेनल्ड्स अंक म्हणतात. नळीतील प्रवाह एरवी हा अंक सुमारे २,००० च्या पुढे गेल्यावर क्षुब्ध होऊ लागतो, परंतु पाणी पूर्ण स्थिर होऊ देऊन रेनल्ड्स यांनी तो सुमारे १३,००० पर्यंत शांत राखला होता. त्याच मूळ उपकरणावर शतकभराने प्रयोग केला, तेव्हा शहरातील वाहनांच्या हादऱ्यांमुळे तो आकडा गाठता आला नाही. प्रवाह क्षुब्ध होण्याचा उंबरठा एका ठरीव आकड्यावर नसतो, हे यावरून जसे पटते तसे व्याख्यानाने पटत नाही.

पदार्थबल विभागात युटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, म्हणजे ताण-दाब देऊन पदार्थ तपासण्याचे यंत्र) पोलादी सळईचा नमुना खेचतात; तुटण्यापूर्वी त्याला ‘मान’ पडते, म्हणजे तो एका जागी बारीक होतो. आघातपरीक्षा शार्पी व आयझॉड या झुलत्या हातोड्याने नमुना तोडण्याच्या पद्धतींनी घेतात, तर एंजिनाची शक्ती डायनॅमोमीटरने मोजतात.

महाराष्ट्रात पुण्याची अभियांत्रिकी व यांत्रिक शाळा १८५४ मध्ये सुरू झाली. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ ची. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली. तेथील यंत्र विभागात औष्णिक व द्रायू, अभिकल्प आणि उत्पादन या संशोधनाच्या प्रमुख शाखा आहेत.