स्वमग्न मुलांचे मौखिक व दंत आरोग्य

स्वमग्नता किंवा ऑटिझम असलेल्या मुलांचे दात मुळातच कमजोर असतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. दातांची घडण इतर मुलांसारखीच असते. किडीचे प्रमाण यांच्यात जास्त की कमी, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. दातांवरचा थर आणि सुजलेल्या हिरड्या मात्र बऱ्याचदा दिसतात, कारण ब्रशचा स्पर्श, पेस्टचा झणझणीत पुदिना, तोंडात होणारा फेस यांपैकी काहीही मुलाला असह्य होऊ शकते. काही मुले घास गालात तसाच धरून ठेवतात. ठरावीक दोन-चार मऊ, पिठूळ पदार्थांपलीकडे न खाणे, सांगितलेले केल्याबद्दल मिळणारे चॉकलेट आणि गोड सिरप यांची त्यात भर पडते. फिट्सवरील फेनिटोइन या औषधामुळे काहींच्या हिरड्या वाढतात. दात खाणे, नखाने हिरडी ओरबाडणे हेही आढळते.

सर्वांत जास्त फसगत होते ती दुखण्याच्या बाबतीत. दाढ ठणकते आहे हे न बोलणारे मूल सांगणार कसे? ते एकाच बाजूने चावू लागते, गार पाणी ढकलून देते, रात्री उठून बसते, स्वतःच्या गालावर चापट्या मारते. घरचे म्हणतात, ‘हल्ली त्याचा हट्ट वाढलाय’. डॉक्टरही कधी कधी सारे स्वमग्नतेच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. वागणे अचानक बदलले, तर औषधाचा डोस वाढवण्याआधी तोंडात टॉर्च मारून पाहावे.

घासताना पालकाने मुलाच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीशी टेकवले, तर हात स्थिर राहतो आणि आतल्या दाढा दिसतात. हे मोरीतच व्हायला हवे असे नाही. बिनचवीची, कमी फेसाची फ्लोराइड पेस्ट चालते: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश आधी ओठाला, मग पुढच्या दातांना, असे आठवडेच्या आठवडे गेले तरी चालतील.

दवाखान्यात ‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ साली मांडली गेलेली रीत वापरतात. मात्र सांगण्यापेक्षा दाखवणे इथे अधिक उपयोगी पडते, म्हणून खुर्ची, दिवा, आरसा यांचे फोटो क्रमाने लावलेली पट्टी मूल घरीच पाहून येते. सकाळची पहिली वेळ, दर वेळी तीच खुर्ची, मंद प्रकाश यांनी बरेच काम सोपे होते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध किडलेल्या दाताला लावल्यास ड्रिल न करता कीड थांबवता येते. किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. बरेच दात एकदम किडले असतील आणि मूल तोंड उघडूच देत नसेल, तर रुग्णालयात पूर्ण भूल देऊन एकाच वेळी उपचार करतात.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्यविम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.