प्लेसमेंटचा टक्का आणि ग्रॅज्युएट आउटकम: दोन्ही टक्केच, पण कशाचे?

भाच्याने परवा दोन युनिव्हर्सिटींच्या दोन पीडीएफ पाठवल्या, एकीवर मोठ्या अक्षरात ८० टक्के, दुसरीवर ८९ टक्के, आणि खाली मेसेज, "मावशी, दुसरीच चांगली ना?" मी म्हटलं थांब, ८० कशाचे आणि ८९ कशाचे ते आधी बघू, तर म्हणे दोन्हीकडे नोकरी मिळालेल्यांचेच असणार, अजून कशाचे. नाही ना बाबा! पहिला होता प्लेसमेंटचा टक्का आणि दुसरा ग्रॅज्युएट आउटकमचा, दिसायला सख्खे भाऊ, पण नातं शोधायला गेलं तर फार लांबचं.

प्लेसमेंट म्हणजे कॉलेजने कॅम्पसवर काय घडवून आणलं त्याचा हिशोब. कंपनी आली, मुलांनी अर्ज केले, इंटरव्ह्यू झाले, ऑफर लेटर मिळालं, एंट्री मारली, विषय संपला. आउटकम म्हणजे डिग्री हातात पडल्यावर काही महिन्यांनी तोच मुलगा किंवा मुलगी नेमकं काय करतेय, नोकरी, पुढचं शिक्षण, दोन्ही, की यातलं काहीच नाही, मग नोकरी कॅम्पसमधून मिळालेली असो, कोणाच्या ओळखीने असो नाहीतर स्वतः शंभर ठिकाणी मेल टाकून. पहिला आकडा ऑफर मिळाल्याच्या दिवशी गोठतो, दुसरा नंतर जाऊन विचारलेला असतो.

आता मनाने धरलेले आकडे घेऊन बघू, कारण नुसत्या व्याख्या वाचून कोणाच्या डोक्यात काही उतरत नाही. समजा एका बॅचमधून २०० जण पास झाले. ६० जण म्हणाले आम्हाला पुढे शिकायचंय, २० जणांनी प्लेसमेंटला नावच दिलं नाही, राहिले १२०. त्यातल्या १५ जणांचे मार्क कंपन्यांच्या अटीत बसेनात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही, राहिले १०५. यातल्या ८४ जणांना ऑफर आली. ८४ भागिले १०५, ८० टक्के, झालं ब्रोशर तयार. पण तेच ८४ नाव नोंदवलेल्या १२० वर घेतले तर ७० टक्के, आणि पास झालेल्या २०० वर घेतले तर ४२. तिन्ही गणितं बरोबर आहेत, खोटं कोणीच बोलत नाहीये, फक्त छेदात कोण बसलंय ते कोणी सांगत नाहीये. आणि काही ठिकाणी तर मुलं मोजायची सोडून ऑफर मोजतात, म्हणजे ८४ जणांना मिळून ११० ऑफर आल्या की ११० भागिले १०५, शंभराच्या वर टक्के, हे छापताना कसं कोणाला हसू येत नाही देव जाणे.

हे एवढं छातीठोकपणे सांगतेय कारण एक वर्ष मी अशाच एका प्लेसमेंट सेलमध्ये एक्सेल शीट सांभाळायचं काम केलंय (कॉलेजचं नाव सोडा, तिथेच होतं असं काही नाही). शीटमध्ये स्टेटसचा कॉलम होता आणि त्याच्या ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय, 'प्लेस्ड', 'अनप्लेस्ड', 'हायर स्टडीज' आणि 'नॉट इंटरेस्टेड'. रिपोर्ट जायच्या आदल्या आठवड्यात अनप्लेस्डवाल्यांना फोन लावायचा असायचा, "अजून कॅम्पसमध्येच थांबणारेस की पुढे शिकायचा वगैरे विचार आहे?" आता महिनोन्महिने नकार पचवलेला पोरगा यावर काय म्हणणार, "हो मॅडम, बघतोय, कदाचित शिकेन पुढे." की लगेच कॉलम बदलायचा, अनप्लेस्डचं हायर स्टडीज. ॲडमिशन सोडा, त्याने अजून फॉर्मही भरलेला नसायचा.

हा एक कॉलम बदलल्याने काय होतं ते वरच्याच बॅचमध्ये बघा. १०५ मधले २१ जण राहिले होते, त्यातले १० जण असे शिक्षणाच्या खात्यात ढकलले की छेद झाला ९५, आणि ८४ भागिले ९५ म्हणजे ८८ टक्के. एकालाही नवीन नोकरी न मिळता आठ टक्के वाढले! प्लेसमेंटच्या हिशोबात पुढे शिकणारा मुलगा छेदातून गायब होतो. आउटकमच्या हिशोबात तोच मुलगा अंशात जाऊन बसतो, म्हणजे चांगला निकाल म्हणून मोजला जातो. माझ्या मते दोन आकड्यांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच, आणि लोकांचं नेमकं याच्याकडेच लक्ष नसतं.

आता तीच बॅच आउटकमवाल्यांच्या हातात देऊ. वर्षभराने २०० जणांना गाठायचा प्रयत्न केला, १३० जणांनी उत्तर दिलं. ६६ पूर्णवेळ नोकरीत, १२ पार्टटाइम, ३२ फक्त शिकतायत, ६ नोकरी करत शिकतायत, ९ नोकरी शोधतायत, आणि ५ जण यातलं काहीच नाही, कोणी घरात आजारी माणसाजवळ थांबलंय, कोणी फिरतंय. नोकरी किंवा शिक्षण धरलं तर ११६ भागिले १३०, म्हणजे ८९ टक्के. हाच भाच्याच्या दुसऱ्या पीडीएफवरचा आकडा, म्हणजे माझ्या मनातल्या बॅचपुरतं बोलायचं तर ८० आणि ८९ ही एकाच बॅचची दोन चित्रं निघाली, आणि तो बसला होता दोघांत तुलना करत.

पण म्हणून आउटकम साजूक तुपातलं असंही नाही, त्याचीही दुखणी आहेत. पहिलं म्हणजे न बोललेले ७० जण. ते सगळे घरी बसलेत असं धरलं तर टक्का येतो ५८, सगळे कामाला लागलेत असं धरलं तर ९३, आणि खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी. ज्याचं बरं चाललंय तो फोन उचलतो, ज्याचं नाही तो कॉलेजचा नंबर बघून कट करतो, हा माझा तरी अनुभव. म्हणूनच अमेरिकेत यासाठीचे नियम ठरवणारी नेस (कॉलेजं आणि नोकऱ्या देणाऱ्यांची संघटना) आहे, तिने 'नॉलेज रेट' नावाची वेगळी गोष्ट ठेवलीये, म्हणजे किती टक्के पदवीधरांबद्दल तुम्हाला खात्रीची माहिती आहे, आणि बॅचलर डिग्रीसाठी तो किमान ६५ टक्के असावा अशी तिची शिफारस आहे. आउटकमच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडा छापलेला नसेल तर मी पहिल्याकडे बघतही नाही.

दुसरं दुखणं 'नोकरी' या शब्दाचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत ठरलेल्या आठवड्यात एक तास जरी पैशासाठी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. देशाची बेरोजगारी मोजायला ती व्याख्या ठीकच आहे, तिच्यामागे कारणं आहेत, पण पदवीधराचं काय झालं हे विचारताना शनिवारी एक तास शिकवणी घेणारी एमएस्सी आणि पूर्णवेळ लॅबमध्ये असलेली एमएस्सी एकाच खात्यात पडतात. म्हणून बरे सर्व्हे पुढचा प्रश्न विचारतात. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ रोजगाराचा दर वेगळा काढतात, आणि तो फक्त पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध असलेल्यांवर. आपल्या बॅचमध्ये ६६ पूर्णवेळ, १२ पार्टटाइमवाल्यांपैकी समजा ७ जणांना पूर्णवेळ हवंय पण मिळत नाहीये, आणि ९ शोधणारे, ते सगळेच पूर्णवेळ शोधतायत असं धरू, म्हणजे ६६ भागिले ८२, साधारण ८० टक्के. घ्या, परत ८०! पण या ८० चा आणि ब्रोशरवरच्या ८० चा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, योगायोगाने जुळले एवढंच. ब्रिटनमध्ये आणखी पुढे जाऊन काम कोणत्या दर्जाचं ते बघतात, मॅनेजर, प्रोफेशनल, टेक्निशियन वगैरे वरच्या तीन गटांतलं आहे का. इंग्लंडच्या उच्च शिक्षणाच्या नियामकाने तर पूर्णवेळ पहिल्या डिग्रीसाठी किमान पातळीच लावलीये, ६० टक्के पदवीधर अशा कामात, पुढच्या शिक्षणात किंवा इतर चांगल्या स्थितीत हवेत, आणि मजा म्हणजे या 'चांगल्या स्थितीत' प्रवास करणारे आणि घरच्यांची काळजी घेणारेही धरतात. मला ते पटतं खरं तर. आईला सांभाळायला वर्षभर थांबलेल्या मुलीला अपयशाच्या खात्यात टाकणारी शीट मी बघितलीये.

मग प्रश्न कधी विचारला याचा. प्लेसमेंटमध्ये हा प्रश्नच येत नाही, ऑफर आली त्या दिवशी मोजणी संपली, पुढे कंपनीने जॉइनिंग सहा महिने ढकललं किंवा ऑफरच मागे घेतली तरी शीटमधलं 'प्लेस्ड' तसंच हिरवं राहतं (माझ्या वर्षी असे सात-आठ जण होते, कोणीही तो रंग बदलला नाही, मीसुद्धा नाही). आउटकममध्ये मात्र तारीख फार बोलते. ऑस्ट्रेलियात साधारण चार ते सहा महिन्यांनी विचारतात आणि मग तीन वर्षांनी परत. नेसचा हिशोब सहा महिन्यांपर्यंतचा. अमेरिकेतल्या लॉ स्कूलना दहा महिन्यांनंतरची स्थिती द्यावी लागते. ब्रिटनमध्ये आधी सहा महिन्यांनी विचारायचे, २०१७-१८ च्या बॅचपासून ते बदलून पंधरा महिने केलं. फरक पडतोच, कारण सहाव्या महिन्यात बरेच जण हाताला लागेल ते करत असतात, पंधराव्यापर्यंत जरा स्थिरावतात आणि एक वर्षाचा मास्टर्स करणाऱ्यांचा तर तोपर्यंत संपलेला असतो, म्हणजे तेच पोरगं एका सर्व्हेत 'शिक्षण' आणि दुसऱ्यात 'नोकरी'. ब्रिटनमध्ये यापलीकडे लिओ नावाचा डेटा आहे, शिक्षणाच्या नोंदी थेट टॅक्सच्या नोंदींना जोडलेल्या, एक, तीन, पाच, दहा वर्षांनी कमाई किती ते दिसतं आणि कोणाला फोन करावा लागत नाही, पण देश सोडून गेलेल्याची कमाई त्यात येत नाही आणि माणूस पूर्णवेळ करतोय की अर्धवेळ ते कळत नाही. काहीतरी सुटतंच.

लॉ स्कूलचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत काही लॉ स्कूल आपल्याच पदवीधरांना आपल्याच पैशांनी नोकरी द्यायची, आणि आकडा वर. म्हणून आता तिथल्या बार असोसिएशनच्या तक्त्यात कॉलेजच्या पैशावरच्या नोकऱ्या वेगळ्या दाखवाव्या लागतात, शिवाय पूर्णवेळ की अर्धवेळ, टिकणारी की थोड्या दिवसांची, वकिलीची परीक्षा पास होणं गरजेचं असलेली की नाही, सगळं वेगवेगळ्या रकान्यात. इतका सविस्तर तक्ता मी तरी दुसऱ्या कुठल्या कोर्सचा पाहिलेला नाही, बघायला मिळाला तर नक्की बघा.

नावावर तर अजिबात जाऊ नका. भारताच्या एनआयआरएफमध्ये, म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिटींच्या सरकारी रँकिंगमध्ये, एका भागाचं नावच 'ग्रॅज्युएशन आउटकम्स' आहे, पण इंजिनिअरिंगसाठी त्यातले १०० पैकी ४० गुण प्लेसमेंट आणि हायर स्टडीज दोन्ही मिळून, आणि ती माहिती संस्थाच भरून देते. म्हणजे पाटी आउटकमची आणि आतला बराचसा माल प्लेसमेंटचा. तरी त्या तक्त्यांचा एक मोठा फायदा आहे, त्यात पहिल्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पास झाले, किती प्लेस झाले, किती पुढे शिकायला गेले आणि मिडियन पगार (सगळे पगार ओळीने लावले की मधोमध येतो तो) किती, हे शेजारी शेजारी असतं, त्यामुळे भागाकार आपला आपण करता येतो. मुदतीत पास न झालेले मात्र दोन्ही खेळांच्या बाहेर, त्यांना कोणी विचारतच नाही.

पगाराबद्दल एवढंच की प्लेसमेंटवाले ऑफरमधला सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सांगतात, त्यात बोनस, व्हेरिएबल सगळं आलं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठं पॅकेज पोस्टरवर. आउटकमवाले हातातल्या कामाचा पगार विचारतात आणि शक्यतो मिडियन देतात. दोन्हींची तुलना करूच नका.

मग बघायचं कोणतं? कोर्सवर आहे हो. ज्या कोर्समधून कंपन्या दरवर्षी येऊन घाऊकमध्ये मुलं उचलतात तिथे प्लेसमेंटचा टक्का, पास झालेल्या सगळ्यांवर काढलेला, बऱ्यापैकी कामाचा असतो. पण फिजिक्स, सायकॉलॉजी, बायोलॉजी घेतलं तर पहिली डिग्री ही पायरीच असते, पुढे शिकल्याशिवाय त्या विषयातलं फारसं काम मिळत नाही, तिथे प्लेसमेंट २० टक्के बघून नाक मुरडण्यात अर्थ नाही, तिथे पुढे कुठे आणि कशाला ॲडमिशन मिळाली ते विचारा. आणि इंजिनिअरिंगसारख्या कोर्समध्ये अचानक 'हायर स्टडीज' फुगलेलं दिसलं, तेही मंदीच्या वर्षात, तर जरा संशय घ्या, कारण नोकऱ्या आटल्या की लोक वर्गात परत जातात, काही खरंच शिकायला आणि काही दिवस काढायला, आणि आकड्यात दोघे सारखेच दिसतात.

भाच्याला मी म्हटलं, पहिल्या युनिव्हर्सिटीला मेल टाक आणि एवढंच विचार की पास किती झाले, नाव किती जणांनी नोंदवलं आणि जॉइन किती जण झाले, दुसरीला विचार की उत्तर किती जणांनी दिलं आणि पदवीनंतर किती महिन्यांनी विचारलं होतं. दुसरीकडून दोन दिवसांत तक्ता आला. पहिलीकडून तीच पीडीएफ परत आली.