फुटलेलं नाक आणि सातपुड्यावरचा ढग

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान पठाणकोटजवळ गारपिटीत सापडलं, आणि उतरल्यावर त्याचं फुटलेलं नाक सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं. आमच्या गल्लीतल्या आप्पांनी तो फोटो दाखवून मला विचारलं, "एवढं मोठं आभाय दिसत नही का रे भो त्या पायलटले?" प्रश्न एकदम बरोबर आहे. अर्धं उत्तर त्या नाकातच आहे आणि अर्धं रेडिओवर.

विमानाचं नाक म्हणजे फायबरची टोपी असते, रेडोम म्हणतात तिला. आत वेदर रडारची चकती बसवलेली असते आणि धातूतून रेडिओ लहरी जात नाहीत, म्हणून टोपी धातूची करता येत नाही. गारांनी ती फुटते ती त्यामुळेच.

आता सगळ्यांना वाटतं रडार ढग बघतं, पण ते बघतं पाणी. साधारण ३ सेंटीमीटरच्या लहरी सोडायच्या आणि पावसाच्या थेंबांवर आपटून किती परत आल्या ते मोजायचं, कमी आल्या तर हिरवं, मग पिवळं, मग लाल. बर्फाचा कण तेवढ्याच थेंबाच्या मानाने जेमतेम पाचवा हिस्सा लहरी परत पाठवतो, त्यामुळे कोरडी गार किंवा ढगाचा वरचा बर्फाळ भाग स्क्रीनवर फारसा उमटतच नाही. मे महिन्यात दुपारी चारनंतर आपल्या सातपुड्यावर जो ढग चढतो ना, खाली काळा, वर फुलकोबीसारखा आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट, त्यात साधारण ५ किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. विमान उडतं १०-११ किलोमीटरवर. म्हणजे रडार नाकासमोर सरळ धरलं तर ते बघणार बर्फात, आणि समोर राक्षस उभा असून स्क्रीन जवळपास कोरी!

म्हणून ती चकती, म्हणजे अँटेना, खाली झुकवतात, त्याला टिल्ट म्हणतात, आणि मला विचाराल तर सगळी कला इथंच आहे. रात्रीची लाईट असली की बॅटरी घेऊन केळीत पाणी धरायला जाणाऱ्याला हे लगेच कळेल, झोत जवळ बारीक असतो आणि लांब गेला की पसरतो. रडारचा झोत साधारण साडेतीन अंशांचा. हिशोब असा की १०० नॉटिकल माईलवर (१८५ किलोमीटर) १ अंश म्हणजे सुमारे १०,००० फूट, म्हणजे तिथं झोताची जाडी झाली ३५,००० फूट, आणि त्यात पाण्याचा भाग थोडासाच असेल तर रंग फिका पडतो. समजा तुम्ही ३५,००० फुटांवर आहात आणि ढगाचा १७-१८ हजार फुटांवरचा ओला भाग बघायचाय, तर १०० माईलवर टिल्ट पावणेदोन अंश खाली, तोच ढग ५० माईलवर आला की साडेतीन अंश. अंतर बदललं की कोन बदलायचा. नवीन रडार हे आपोआप करतात, पण जुन्या विमानात हाताने.

शिवाय जवळचा जोरदार पाऊस लहरी खाऊन टाकतो आणि त्याच्या मागे स्क्रीन काळीच राहते, तिकडे मोकळं आकाश असल्यासारखी. ४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेत सदर्न एअरवेजचं डीसी-९ असंच वादळात शिरलं, पाणी आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली, ७२ माणसं गेली.

विजेचं म्हणाल तर तिची भीती उगाच जास्त आहे. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा वीज लागतेच, ती बाहेरच्या कवचावरून वाहून निघून जाते. आपल्याकडे अजून पायाळू माणसावर वीज पडते म्हणून त्याला पावसात बाहेर सोडत नाहीत, हे साफ खोटं आहे. वीज उंच आणि एकटं काय उभं आहे त्याकडे ओढली जाते, जन्माला येताना पाय आधी आले की डोकं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता रेडिओ. जमिनीवर बसून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरच्या स्क्रीनवर मुख्यतः विमानं असतात, पायलटला दिसतो तसा ढग त्याला दिसत नाही. म्हणून पायलट मागतो, वेदरमुळे २० माईल डावीकडे जाऊ द्या. मोठ्या वादळापासून तेवढं तरी लांब राहायचं असतं. कंट्रोलर बघतो तिकडे दुसरं विमान आहे का, हवाई दलाचं क्षेत्र आहे का, जागा नसेल तर उजवीकडे विचारतो किंवा थांबायला सांगतो. विमान मिनिटाला १५ किलोमीटर पळतं, म्हणून हे १५० किलोमीटर आधीच मागायला लागतं.

पठाणकोटला नेमकं हेच अडलं. पायलटला आभाळ दिसलं होतं. डावीकडे मागितलं, तिकडे आंतरराष्ट्रीय सीमा, परवानगी नाही मिळाली. पलीकडच्या लाहोरच्या कंट्रोलरला विचारलं, तिथूनही नकार. तोवर ढग इतका जवळ आला की मागे फिरण्यापेक्षा सरळ पार व्हायचं ठरलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती, सगळी सुखरूप उतरली.

आप्पांना मी आता विमानं दाखवणारं ॲप टाकून दिलंय. परवा संध्याकाळी रावेरच्या बाजूला वीज चमकायला लागली तसे ते गच्चीवर मोबाईल घेऊन बसले, आणि बऱ्हाणपूरच्या अलीकडे एका विमानाची रेघ डावीकडे वळली तेव्हा मला खालून हाक मारून वर बोलावलं.