दगडाचं वय मातीला विचारा

उन्हाळ्यात कृष्णा आटली की हरिपूरच्या संगमाजवळ वाळू उघडी पडते. तिथं माझ्या भाच्याला अंगठ्याएवढी दुधी गार सापडली. एका अंगाला फुटल्याचा शिंपल्यासारखा खोलगट खळगा, कडेला ओळीनं काढलेले बारीक टवके. नदीत गडगडलेल्या गोट्याला अशी कड येत नाही, ती माणसानं ठोकून काढावी लागते, म्हणजे हे जुनं दगडी हत्यार असावं. फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि लगेच सल्ला आला, "कार्बन टेस्ट करा, वय कळेल."

नाही कळणार. कार्बन-14 हाडाचं, लाकडाचं, कोळशाचं वय सांगतो, तेही साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच. आपली गार म्हणजे कॅल्सेडनी, काळ्या कातळाच्या पोकळीत साचलेली सिलिका. तिचं स्वतःचं वय कोट्यवधी वर्षं भरेल. आपल्याला हवी आहे ती ठोकली गेल्याची वेळ. घडणीवरूनही नेमकं ठरत नाही. आंध्रात ज्वालापुरमला अशी सूक्ष्मास्त्रं, म्हणजे बारीक दगडी हत्यारं, सुमारे 35 हजार वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाली, आणि तांब्याची हत्यारं आल्यावरही माणसं ती घडवतच होती.

म्हणून हत्यार ज्या थरात पुरलं गेलं त्या मातीला विचारतात. ही पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. मातीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम किंचित असतात. त्यांच्या किरणोत्सारानं वाळूच्या कणातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि काही स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात. कण अंधारात जितका काळ पुरलेला, तितके अडकलेले जास्त. ऊन लागलं की सगळे सुटतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणजे कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं, ते त्याच्या आतच नोंदलेलं असतं. प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश सोडला की सुटणारे इलेक्ट्रॉन मंद उजेड देतात. तेवढ्याच उजेडाला किती किरणोत्सार लागतो, हे त्याच कणांवर तपासायचं. समजा 40 ग्रे (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) भरले आणि त्या थरात हजार वर्षांना 2 ग्रे मिळतात, तर वय 20 हजार वर्षं. यासाठी थरात नळी ठोकून, तोंडं बंद करून नमुना काढतात आणि मंद लाल दिव्याखाली उघडतात. मातीतली ओलही मोजावी लागते, कारण पाणी किरणोत्सार शोषतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच. हे काम क्वार्ट्झ या खनिजाच्या कणांवर उत्तम होतं, आणि बेसाल्टात, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, क्वार्ट्झ जवळपास नसतोच. मग फेल्डस्पार हे दुसरं खनिज घेऊन त्यावर अवरक्त प्रकाश सोडायचा. पण ज्वालामुखीच्या फेल्डस्पारमधून इलेक्ट्रॉन अंधारातही निसटत राहतात, हे शास्त्रज्ञ अ‍ॅन विंटल यांनी 1973 मध्ये दाखवलं. त्यामुळे वय कमी निघतं आणि दुरुस्ती करावी लागते. गार चुलीत 400 अंशांपुढे भाजली असती, तर मात्र घड्याळ तिच्यातच सापडलं असतं, कारण उन्हासारखंच त्या उष्णतेनंही अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते.

हीच कॅल्सेडनी पट्टेदार असली की अकीक म्हणून अंगठीत बसते आणि ग्रहपीडेवर विकली जाते. तिच्यात ग्रहांचं काही नाही. माणसाच्या हाताची खूण असू शकते, आणि ती पैसे न मोजता पाहता येते.

भाच्याची गार पुरात वाहत आलेली, तिचा थर हरवला. हे ऐकून त्याचं तोंड उतरलं. मग आम्ही मळीच्या कडेनं गेलो आणि पाण्यानं कापलेल्या दरडीतले थर त्याला दाखवले. इथं कपची रुतलेली दिसली तर उपसायची नाही, शेजारी पट्टी धरून फोटो काढायचा आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं, एवढं ठरलं. गार आता त्याच्या कंपासपेटीत आहे, कागदात गुंडाळलेली. कागदावर त्यानं लिहिलंय: हरिपूर, संगमाच्या खाली, पाण्यापासून बारा पावलं.