लाट ओसरल्यावर चाचणीच्या कंपनीचं काय होतं?

22 फेब्रुवारी 2023 रोजी कॅलिफोर्नियातल्या लुसिरा हेल्थ या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिच्या नव्या चाचणीला परवानगी दिली. एकाच स्वॅबमधून कोविड आणि फ्लू ओळखणारी, पूर्णपणे घरी करता येणारी ती तिथली पहिली चाचणी. परवानगी लांबल्याचा फटका बसला, असं कंपनीचं म्हणणं होतं. दोन वर्षांपूर्वी शेअर बाजारात उतरताना तिचा शेअर 17 डॉलरला विकला गेला होता. पुढे फायझरनं साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजून तिची मालमत्ता घेतली. चाचणी चांगली होती, पैसा तरीही बुडाला.

असं का होतं हे समजायला आधी चाचणीच्या आत डोकवावं लागतं. घरोघरी पोहोचलेली अँटिजेन चाचणी म्हणजे नायट्रोसेल्युलोजची एक पट्टी. नमुन्याचे थेंब टाकले की द्रव पट्टीवरून पुढे सरकतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं असतात. नमुन्यात विषाणूचं प्रथिन असेल तर ती त्याला पकडतात. पुढे 'टी' रेषेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडं ही जोडी अडवून धरतात, कण तिथे साचतात आणि रेषा दिसू लागते. गर्भधारणेच्या किटमध्ये हेच तंत्र 1980च्या दशकापासून आहे. ते इतकं रुळलेलं असल्यामुळेच दक्षिण कोरिया, चीन, अमेरिका, भारत अशा अनेक देशांतल्या कंपन्यांनी काही महिन्यांत कोविडची किट बाजारात आणली. लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. गुंतवणूकदारासाठी मात्र याचा अर्थ असा की स्पर्धक रोखून धरेल असं तुमच्याकडे फारसं काही नाही.

दुसरी अडचण संभाव्यतेच्या गणिताची आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा, एखादी चाचणी 100 बाधितांपैकी 80 जणांना ओळखते आणि 100 निरोगी माणसांपैकी एकाला चुकून बाधित ठरवते. लाट ऐन भरात आहे आणि 1000 जणांत 200 बाधित आहेत. चाचणी त्यातले 160 शोधेल आणि उरलेल्या 800 मधले 8 जण चुकून पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेला माणूस जवळजवळ नक्की बाधित. आता लाट ओसरली आणि 1000 जणांत 5च बाधित उरले. चाचणी त्यातले 4 शोधेल, पण 995 निरोगी माणसांतले 10 जण चुकून पॉझिटिव्ह येतील. 14 पॉझिटिव्हपैकी खरे फक्त 4! किट तेच, कारखाना तोच. पण सरसकट सगळ्यांना तपासण्यात आता पूर्वीसारखा अर्थ राहिला नाही. साथ उतरली की भीती कमी होते, म्हणून मागणी घटते हे तर आहेच. पण चाचणीची उपयुक्तताही साथीबरोबरच खाली येते.

ॲबट कंपनीनं हे पुरतं अनुभवलं. ऑगस्ट 2020 मध्ये तिच्या 5 डॉलरच्या बायनॅक्सनाऊ किटला परवानगी मिळाली आणि अमेरिकी सरकारनं लगोलग 15 कोटी चाचण्यांसाठी 76 कोटी डॉलर मोजले. लसीकरण वाढल्यावर जून 2021 मध्ये कंपनीला नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला, उत्पादन आवरतं घ्यावं लागलं. मग डेल्टा आला, त्यामागून ओमायक्रॉन, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत किट मिळेनाशी झाली.

भारतात भावाचा प्रश्नही होता. मार्च 2020 मध्ये आरटीपीसीआर चाचणीसाठी 4,500 रुपयांची मर्यादा होती. पुण्याच्या मायलॅबनं देशी किट आणलं, इतरही उत्पादक आले, राज्य सरकारनं दर पुन्हा पुन्हा कमी केले आणि वर्षभरात महाराष्ट्रात खासगी प्रयोगशाळेतली चाचणी 500 रुपयांवर आली. मायलॅबच्या घरी वापरायच्या कोव्हीसेल्फ किटला मे 2021 मध्ये मान्यता मिळाली, त्याची किंमत होती 250 रुपये. दर उतरले ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग पुढच्या साथीसाठी कारखाने तयार ठेवण्याचा खर्च शेअरधारकांनी उचलावा, ही अपेक्षा धरता येत नाही. तो सरकारनंच उचलायला हवा: साथ नसतानाही ठरावीक खरेदीची हमी द्यायची, जसं अग्निशमन दलाला आग नसतानाही पगार देतो.

खासगी पैशाला जागा उरते ती वेगळ्या ठिकाणी. गोव्यात वेर्णा इथे मोलबायो ही कंपनी ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र बनवते. वातानुकूलित प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रातही ते तासाभरात निकाल देतं. ते मुळात टीबीच्या निदानासाठी गाजलं होतं. एप्रिल 2020 मध्ये आयसीएमआरनं त्याला कोविडसाठी मान्यता दिली तेव्हा यंत्र तेच राहिलं, फक्त त्यात घालायची चिप, जी प्रत्येक रोगासाठी वेगळी असते, ती बदलली. कोविड ओसरल्यावर, सप्टेंबर 2022 मध्ये, सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीनं मोलबायोत साडेआठ कोटी डॉलर गुंतवले. त्याच काळात चाचणीच्या इतर कंपन्यांची घसरण सुरू होती: 2021 मध्ये 16 डॉलरला शेअर विकणारी सान डिएगोची क्यू हेल्थ मे 2024 मध्ये बंदच पडली. मोलबायोकडे टीबीचं काम होतं, आणि जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत.