ओव्हनमधली हवा जाते कुठे?

कपाटात बसवायचा ओव्हन घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न इंधनाचा येतो. गॅस की वीज? सल्ला देणारे बहुतेक जण उष्णतेबद्दल बोलतात: कोणता लवकर तापतो, कोणता जास्त तापतो. बरीच वर्षं दोन्ही प्रकारच्या ओव्हनमध्ये पाव भाजल्यावर मला वाटतं, की उष्णता हा यातला सोपा भाग आहे. 200 अंश सेल्सिअस म्हणजे 200 अंश. ते ज्योतीने आले की तारेतून, हे पावाला कळत नाही. हवेतला फरक मात्र त्याला नक्की कळतो. गॅसचा ओव्हन ही धुराडं असलेली चूल आहे आणि विजेचा ओव्हन ही झाकण लावलेली पेटी. बाकीचे बरेचसे फरक इथूनच निघतात.

ज्योत जळायची तर तिला ताजी हवा लागते आणि जळून झालेले वायू बाहेर पडावे लागतात. म्हणून गॅसच्या ओव्हनला हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवलेलीच असते. त्या वाटेने जे बाहेर पडतं त्यात पाणी भरपूर असतं. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याचा एक रेणू जळला की कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. वजनात मोजलं तर 1 किलो मिथेन जळून सव्वादोन किलो पाणी मिळतं. 3 किलोवॅटचा बर्नर तासभर पूर्ण ज्योतीवर चालला, तर जवळपास अर्धा लिटर पाणी वाफ होऊन ओव्हनमधून जातं. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनमध्ये कार्बनच्या मानाने हायड्रोजन कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेमागे पाणी साधारण पाऊण पट निघतं.

यावरूनच ‘गॅसची उष्णता दमट, विजेची कोरडी’ हे वाक्य रूढ झालं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेला अर्धा भाग निवड करताना जास्त उपयोगाचा आहे.

खरा अर्धा भाग पहिल्या काही मिनिटांतला. पावाची कणीक आत जाते तेव्हा ती 25-30 अंशांवर असते. ज्योतीचे वायू इतके दमट असतात की त्यांतली थोडी वाफ या गार पृष्ठभागावर दवासारखी धरते. पाण्याची वाफ होताना ते जेवढी उष्णता घेतं, तेवढीच वाफेचं पाणी होताना परत देतं: 1 किलोमागे सुमारे 2257 किलोज्यूल. उकळतं पाणी बर्फाइतकं गार होताना जेवढी उष्णता सोडेल, त्याच्या पाचपटीहून ही जास्त आहे. म्हणून दमट हवेत कणकेचा पृष्ठभाग भराभर तापतो, शिवाय ओला आणि लवचीक राहतो. वरचा थर लगेच कडक होत नाही, पावाला फुगायला सवड मिळते.

आता दुसरा अर्धा भाग. ओव्हन तापला की बर्नर मंद होतो. तो सरासरी 1 किलोवॅटवर चालतो असं धरलं, तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी तयार होतं. एक किलो कणकेचा पाव भाजताना तो स्वतःच शंभर-दीडशे ग्रॅम पाणी सोडतो. म्हणजे पावातून निघणारी वाफ ज्योतीच्या वाफेच्या तोडीची आहे. गॅसच्या ओव्हनमध्ये ही दोन्ही पाणी धुराड्याने निघून जातात. आत काही साठत नाही. विजेच्या बंद पेटीत मात्र पावाची वाफ बराच वेळ त्याच्याभोवती घुटमळते. सुरुवातीला तळाशी गरम पाण्याची थाळी ठेवली तर तिची वाफही टिकते. गॅसच्या ओव्हनमध्ये तशीच थाळी ठेवून मी कितीतरी वेळा निराश झाले आहे. वाफ दिसायची, कवचावर तिचा परिणाम दिसायचा नाही. ती हवेबरोबर निघून जात होती, हे मला फार उशिरा कळलं. पातळ, चकचकीत कवचाचा पाव हवा असेल तर बंद पेटी बरी, कारण तिच्यात दमटपणा कधी ठेवायचा आणि दार किलकिलं करून कधी घालवायचा हे आपल्या हातात असतं.

आणखी एक गोष्ट लोकांना फार फसवते. ओव्हन म्हणजे गरम हवा, असं आपण धरून चालतो. 60 लिटरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांना हवा भरते जेमतेम 45 ग्रॅम. तेवढ्या हवेतली उष्णता 8 किलोज्यूलच्या आसपास असते. एक पेलाभर पाणीसुद्धा तिने दहा अंशांहून जास्त तापणार नाही. खरा साठा असतो भिंती, तळ आणि जाळ्यांच्या पोलादात, हवेच्या शंभरपटीहून जास्त. दार उघडलं की हवा जाते, भिंती तापलेल्याच राहतात. ‘तयार’ असा दिवा लागला तरी आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबावं ते याचसाठी. तो दिवा बहुधा हवेचं तापमान सांगतो, भिंती अजून मागे असतात.

या भिंतींमधून उष्णता प्रारणाच्या रूपाने, म्हणजे उन्हासारखी थेट किरणांनी, बाहेर पडते, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंशांपासून मोजलेल्या) चौथ्या घाताने वाढतं. 200 वरून 250 अंशांवर गेलं की ते दीडपट होतं. सुमारे 800 अंशांवर लालबुंद झालेलं ग्रिलचं एलिमेंट (छताजवळची विजेने तापणारी नळी) तर 200 अंशांच्या भिंतीच्या पंचवीसपटीहून जास्त प्रारण फेकतं. खमंग तपकिरी रंग आणणारी मेयार अभिक्रिया (लुई-कामीय मेयार यांनी ती 1912 मध्ये मांडली) साधारण 140 अंशांच्या वर जोर धरते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तो 100 अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून रंग यायला आधी पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो आणि मग जोरदार प्रारण मिळावं लागतं. गॅसच्या बऱ्याच ओव्हनमध्ये बर्नर तळाच्या पत्र्याखाली असतो, तळ सर्वांत तापतो आणि केक खालून करपत असताना वरून फिका राहतो. विजेच्या ओव्हनमध्ये वरचं आणि खालचं एलिमेंट वेगवेगळं चालवता येतं. अनेक उत्पादक गॅसच्या ओव्हनमध्येही ग्रिल विजेचंच देतात, ते उगीच नाही.

काही ओव्हनच्या आत पंखा असतो, त्याचं काम सरळ आहे. पदार्थाला चिकटून असलेला स्तब्ध हवेचा थर तो उडवून लावतो, त्यामुळे उष्णता लवकर आत जाते. पाककृतीत सांगितलेलं तापमान पंखा चालू असताना साधारण 20 अंशांनी कमी करावं.

कमी तापमानात तर गॅस मागेच पडतो. ज्योत एका मर्यादेखाली बारीक केली की विझते, म्हणून गॅसच्या बऱ्याच ओव्हनना 120-130 अंशांखाली स्थिर राहणं जमत नाही. विजेचा थर्मोस्टॅट एलिमेंट नुसतं चालू-बंद करतो. त्याने तापमान ठरवलेल्या आकड्याच्या खालीवर दहा-पंधरा अंश हेलकावत राहतं, पण 50-60 अंशांवर फळं सुकवता येतात. सुमारे 500 अंशांवर चिकट तेलकटपणाची राख करणारी स्वयंसफाईदेखील विजेच्या अनेक ओव्हनमध्ये मिळते.

ऊर्जेचा हिशेब मात्र इतका एकतर्फी नाही. धुराडं नसल्यामुळे घरातल्या घरात वीज जास्त कार्यक्षम ठरते. पण ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल तर जाळलेल्या इंधनाचा निम्म्याहून जास्त भाग तिथेच वाया गेलेला असतो. पाणी, सूर्य किंवा वाऱ्यापासून आली असेल तर हा आक्षेप उरत नाही.

घरातल्या हवेबद्दल मी ठाम आहे. ज्योतीच्या उच्च तापमानात हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वसनमार्गाला त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्याची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 40 वरून 10 मायक्रोग्रॅमवर आणली. ओव्हन तास-तास चालतो, शेगडीसारखा दहा मिनिटांत बंद होत नाही. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल आणि बाहेर हवा फेकणारा पंखा नसेल, तर गॅसचा ओव्हन घेऊ नये.

गॅस घेणारच असाल तर दोन गोष्टी तपासा. ज्योत विझताच गॅस तोडणारं उपकरण आहे ना? त्यातलं थर्मोकपल ज्योतीच्या उष्णतेवर काही मिलिव्होल्ट वीज तयार करतं, तेवढ्यावर झडप उघडी राहते. ज्योत गेली की वीज जाते, झडप मिटते. आणि जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं भोक असलेला भाग, कोणत्या गॅसचा आहे? प्रोपेनमध्ये आकारमानामागे मिथेनच्या अडीचपट उष्णता असते, म्हणून सिलिंडरसाठी बारीक भोकाचा जेट लागतो. तो बदलल्याशिवाय पाइपच्या गॅसचा ओव्हन सिलिंडरवर लावणं धोक्याचं आहे.

‘वीज गेली तरी गॅस चालेल’ हा भरवसा मात्र आधी माहितीपुस्तिकेत पडताळून घ्या. कपाटात बसवलेल्या ओव्हनला भोवतालचं लाकूड तापू नये म्हणून गार हवेचा पंखा लागतो, तो विजेवर चालतो, आणि काही मॉडेल्समध्ये तो बंद असेल तर गॅसही सुरू होत नाही. विजेच्या ओव्हनसाठी उलट तपासणी वायरिंगची. 3 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टवर 13 अँपिअर, त्याला स्वतंत्र जाड तार आणि भक्कम अर्थिंग हवं. वायरिंग नीट असेल तर मी पंख्याचा विजेचा ओव्हन घेईन. वीज वारंवार जात असेल आणि खिडकी मोठी असेल, तर गॅस.

कोणताही आणला तरी पहिल्या दिवशी थाळीभर पांढऱ्या पावाचे तुकडे पसरून 180 अंशांना भाजा. तुकडे जिथे गडद होतील तिथे उष्णता जास्त. त्या थाळीचा फोटो काढून ठेवा. मागचा डावा कोपरा करपवतो हे एकदा कळलं, की केक कधी फिरवायचा ते ठरतं.